डोबरमनचे मेटिंग करण्यापूर्वी हृदयाची तपासणी : का, कधी आणि कशी?

पाच वर्षांचा डोबरमन. सकाळी नेहमीसारखा फिरून आला, पाणी प्यायला, फाटकाशी कोणी तरी आले म्हणून भुंकत धावला आणि वाटेतच कोसळला. घरातले बाहेर येईपर्यंत सगळे संपले होते. अशा वेळी मालकांच्या मनात पहिली शंका येते ती कोणी विष घातल्याची, दुसरी सापाची. या कुटुंबालाही तसेच वाटले होते. मात्र त्यांनी कुत्र्याला शवविच्छेदनासाठी आणले, म्हणून खरे कारण कळले. हृदयाचा डावा खालचा कप्पा मोठा झाला होता आणि सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाच्या स्नायूत जागोजागी चरबी आणि तंतू दिसत होते. मी विचारले, "याचे मेटिंग केले होते का?" उत्तर आले, "हो डॉक्टर, दोनदा. पंधरा पिल्ले झाली. सगळी चांगल्या घरी गेली."

ती पंधरा घरे डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

हा आजार नेमका काय आहे?

डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, म्हणजे डीसीएम, हा हृदयाच्या स्नायूचा आजार आहे. स्नायू कमजोर होतो, कप्पा फुग्यासारखा ताणला जातो आणि रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होते. त्याच वेळी हृदयाच्या विजेच्या यंत्रणेतही बिघाड होतो. मधेच, वेळेआधी ठोके पडू लागतात. माणसाला येतो तसा रक्तवाहिनी बंद होऊन येणारा हार्ट अटॅक कुत्र्यांमध्ये क्वचितच दिसतो. त्यामुळे "आमच्या कुत्र्याला अटॅक आला" असे कोणी सांगितले आणि कुत्रा डोबरमन असला, तर माझ्या मनात आधी डीसीएम येतो.

आजार आनुवंशिक आहे. म्युनिकच्या विद्यापीठातील पशुहृदयरोग विभागाने ४१२ डोबरमन वर्षानुवर्षे तपासले आणि २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात सगळे वयोगट धरून सुमारे ५८ टक्के कुत्र्यांमध्ये हा आजार आढळला. त्याहून महत्त्वाचा भाग वयाचा आहे. एक ते दोन वर्षांच्या कुत्र्यांमध्ये प्रमाण साधारण ३ टक्के होते; सहा वर्षांपुढे ते ४४ टक्क्यांच्या आसपास गेले. म्हणजे ज्या वयात आपण कुत्र्याचे मेटिंग करतो, त्या वयात आजार बहुतेक दिसतच नाही. दिसू लागतो तोवर त्याची मुले, कधी कधी नातवंडेही जन्मलेली असतात.

या आजाराचा एक लपलेला टप्पा असतो. तो दोन-चार वर्षे चालू शकतो. या काळात कुत्रा खातो, खेळतो, पळतो, वजनही उतरत नाही. आत मात्र चुकीचे ठोके वाढत असतात किंवा कप्पा मोठा होत असतो, काहींमध्ये दोन्ही. मग एक दिवस खोकला, धाप, पोटात पाणी, चक्कर येऊन पडणे अशी लक्षणे सुरू होतात आणि त्यानंतर सहसा काही महिनेच हाती राहतात. आजारी डोबरमनपैकी साधारण चारातला एक तर अचानकच जातो. अनेकदा घरच्यांना आधी काहीही जाणवलेले नसते.

"डॉक्टरांनी छाती तपासली, सगळे ठीक आहे"

मेटिंगच्या आधी बरेच मालक कुत्र्याला दवाखान्यात आणतात. लसीकरणाचे कार्ड बघितले जाते, जंताचे औषध दिले जाते, स्टेथोस्कोप लावला जातो आणि "फिट" असा शेरा मिळतो. यात डॉक्टरांची चूक नसते. स्टेथोस्कोपने झडपेतून गळणाऱ्या किंवा अरुंद जागेतून जाणाऱ्या रक्ताचा आवाज, म्हणजे मर्मर, चांगला ऐकू येतो. डीसीएमच्या लपलेल्या टप्प्यात असा आवाज बहुतेक वेळा नसतोच. आपण ऐकत असतो तेवढ्या मिनिटभरात चुकीचा ठोका पडला तरच तो सापडणार.

साध्या ईसीजीचेही तसेच आहे. दिवसात १४४० मिनिटे असतात. पाच मिनिटांचा ईसीजी म्हणजे त्या दिवसाचा २८८ वा भाग. तेवढ्या पट्टीत एक जरी वेळेआधीचा खालच्या कप्प्यातला ठोका दिसला, तरी डोबरमनमध्ये ती गंभीर खूण समजावी आणि पुढच्या तपासण्या कराव्यात. पण पट्टी स्वच्छ आली म्हणून कुत्रा निर्दोष ठरत नाही. एक्स-रे तर याहून उशिरा बोलतो. त्यात बदल दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

मग कोणती तपासणी करायची?

दोन तपासण्या लागतात आणि त्या दोन्ही लागतात. एकीच्या जागी दुसरी चालत नाही, कारण काही कुत्र्यांमध्ये आधी ठोके बिघडतात आणि काहींमध्ये आधी कप्पा मोठा होतो.

पहिली तपासणी २४ तासांच्या होल्टरची. माणसांना लावतात तसेच हे छोटे यंत्र असते. छातीच्या दोन्ही बाजूंचे केस काढून तिथे चिकटपट्ट्या लावतात, वर जॅकेट घालतात आणि कुत्र्याला घरी पाठवतात. त्या दिवशी त्याचे सगळे नेहमीसारखे चालू द्यायचे : फिरणे, जेवण, फाटकावर भुंकणे. "आज यंत्र लावले आहे, पळू देऊ नका" असे करू नये. धावपळीतले ठोकेच तर बघायचे असतात. एका कागदावर वेळा लिहून ठेवा. कधी झोपला, कधी पळाला, कधी फटाके वाजले. पट्ट्या निघू नयेत म्हणून अंघोळ टाळा आणि घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला एक दिवस वेगळे ठेवा. जॅकेट चावून होल्टरची तार तोडणारे मित्र मी पाहिले आहेत.

निरोगी कुत्र्याचे हृदय दिवसात साधारण एक लाख वेळा पडते. त्यात खालच्या कप्प्यातून आलेले वेळेआधीचे ठोके किती, हे होल्टर मोजतो. युरोपातील पशुहृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, डोबरमनमध्ये २४ तासांत असे ३०० हून अधिक ठोके एकदा आढळले, किंवा ५० ते ३०० च्या दरम्यानची संख्या वर्षभरात दोन वेळा आढळली, तर डीसीएमचे निदान धरतात. एका लाखात तीनशे म्हणजे काहीच नाही, असे वाटू शकते. पण निरोगी डोबरमनमध्ये हा आकडा सहसा अगदी थोडा, अनेकदा शून्यच असतो.

इथे एक सावधगिरी हवी. माणसांच्या होल्टरचे सॉफ्टवेअर माणसाच्या नाडीसाठी बनवलेले असते. कुत्र्याची नाडी श्वासाबरोबर कमी-जास्त होते आणि ते नैसर्गिक असते. यंत्र मात्र त्याला बिघाड समजू शकते. उलट खरा बिघाड निसटूही शकतो. म्हणून यंत्राने छापलेल्या आकड्यांवर थांबू नका. कुत्र्यांचा ईसीजी वाचण्याची सवय असलेल्या पशुवैद्यकाने ती नोंद स्वतः बघायला हवी.

दुसरी तपासणी इकोकार्डिओग्रामची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची. त्यात कप्प्याचा आकार आणि आकुंचन मोजतात. पूर्ण शिथिल असताना डाव्या खालच्या कप्प्याची रुंदी नरात ४८ मिलिमीटरपेक्षा आणि मादीत ४६ मिलिमीटरपेक्षा जास्त, किंवा आकुंचनाच्या शेवटी ३६ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर ते डोबरमनमध्ये असामान्य धरतात. आता अनेक तज्ज्ञ रुंदीसोबत कप्प्याचे आकारमानही मोजतात, कारण त्यात बदल लवकर सापडतो. अहवालात नुसते "नॉर्मल" लिहिलेले असेल तर मोजमापे मागून घ्या. पुढच्या वर्षी तुलना करायला तीच लागतील.

इकोसाठी कुत्र्याला बेशुद्ध करावे लागत नाही. एका कुशीवर धरून किंवा उभे ठेवूनही तो होतो. फार दंगा करणाऱ्या कुत्र्याला शांत करण्यासाठी झायलाझिनसारखे इंजेक्शन देऊन इको काढला, तर त्या औषधाने हृदयाचे काम मंदावते आणि आकडे फसवे येतात. त्यापेक्षा दवाखान्यात गर्दी नसेल अशी वेळ घ्या आणि कुत्रा ज्याचे ऐकतो तो माणूस सोबत न्या.

होल्टर मिळतच नसेल तर रक्तातील एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन-आय या तपासण्यांची मदत होते. त्या वाढलेल्या असतील तर मोठ्या शहरात जाऊन पुढची तपासणी करण्याला कारण मिळते. पण त्या होल्टर आणि इकोची जागा घेत नाहीत.

किती वर्षांचा झाल्यावर, आणि किती वेळा?

तिसऱ्या वर्षापासून, दरवर्षी. या उत्तरातले "दरवर्षी" मालकांना आवडत नाही, हे मला माहीत आहे. पण दोन वर्षांच्या वयात काढलेला एकच स्वच्छ अहवाल फाईलमध्ये ठेवून सात वर्षांपर्यंत दाखवत राहणे म्हणजे जुन्या पीयूसीवर गाडी चालवण्यासारखे आहे. अहवाल सांगतो तो त्या दिवसापुरता. मेटिंगसाठी तो बारा महिन्यांच्या आतला असावा.

आपल्याकडच्या कायद्याशी याचा मेळ घालताना थोडी अडचण येते. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबत २०१७ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, दीड वर्षाखालील मादीपासून पिल्ले घ्यायची नसतात आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकायचे नसते. हे सगळे पाळायलाच हवे. पण दीड वर्ष ही मादीच्या शरीराची वाढ पूर्ण होण्याची मर्यादा आहे. दीड वर्षाच्या डोबरमनचे हृदय पुढे कसे वागेल, ते त्या वयात कोणीही सांगू शकत नाही.

केनेल क्लबच्या कागदांबद्दलही गैरसमज असतो. वंशावळीचे प्रमाणपत्र आई-बाप कोण ते सांगते. हृदयाबद्दल त्यात काही नसते.

माझा सल्ला : नर वयस्कर निवडा

मादीला कायम थांबवता येत नाही, कारण वय वाढले की पहिल्या बाळंतपणातील धोके वाढतात. तिची तीन वर्षांनंतर एकदा पूर्ण तपासणी करून, अहवाल स्वच्छ असल्यास पिल्ले घ्यावीत. नराच्या बाबतीत मात्र घाई करण्याचे काहीच कारण नाही. सहा-सात वर्षांचा, ओळीने तीन-चार वर्षांचे स्वच्छ होल्टर आणि इको असलेला नर हा दोन वर्षांच्या देखण्या चॅम्पियनपेक्षा कितीतरी चांगला. बाजारात उलट चालते. तरुण, नुकता शो जिंकलेला नर सगळ्यांना हवा असतो आणि एकाच हंगामात तो डझनभर माद्यांना दिला जातो. तो पाचव्या वर्षी गेला तर त्याचा आजार तोवर सगळ्या शहरात पसरलेला असतो.

अहवालाइतकेच महत्त्वाचे आहे घराणे. नर आणि मादी दोघांच्या मालकांना पुढचे प्रश्न अवश्य विचारा : याचे आई-बाप अजून आहेत का? नसतील तर कितव्या वर्षी आणि कशाने गेले? याची भावंडे कुठे आहेत? "उन्हाने गेला", "काही तरी खाल्ले असेल", "झोपेतच गेला, चांगले मरण आले" अशी उत्तरे मध्यम वयाच्या डोबरमनबद्दल आली, तर मी ती हृदयाच्या खात्यात टाकतो. एकाच घराण्यात अशा दोन गोष्टी ऐकल्या तर ते मेटिंग करू नका.

जनुक चाचणीने काम भागत नाही का?

गालातून काडीने नमुना घेऊन पाठवायची चाचणी सोपी आहे, म्हणून हा प्रश्न हमखास येतो. अमेरिकेतील डोबरमनमध्ये डीसीएमशी संबंध असलेले दोन जनुकीय बदल सापडले आहेत. एक पीडीके४ या जनुकात आणि दुसरा टायटिन या जनुकात. पण हे बदल असलेले अनेक कुत्रे म्हातारे होईपर्यंत ठणठणीत राहतात आणि बदल नसलेले काही कुत्रे आजारी पडतात. युरोपातील डोबरमनमध्ये पीडीके४चा संबंध आढळला नाही. यामागे आणखी जनुके आहेत, एवढे स्पष्ट आहे. चाचणी "निगेटिव्ह" आली म्हणून होल्टर टाळणे ही सगळ्यांत महागात पडणारी बचत आहे.

"पॉझिटिव्ह" आलेल्या प्रत्येक कुत्र्याला बाद करणेही बरोबर नाही. डोबरमनमध्ये आधीच नात्यातली मेटिंग फार झालेली आहेत. उरलेल्या थोड्या कुत्र्यांतूनच पैदास करत राहिलो तर एक आजार कमी होईल आणि दुसरे वर येतील. बदलाची एकच प्रत असलेला, पण प्रत्यक्ष तपासण्या स्वच्छ असलेला कुत्रा बदल नसलेल्या जोडीदाराला देता येतो. हा निर्णय मात्र स्वतः इंटरनेटवर वाचून घेऊ नये, पशुवैद्यकाशी बोलून घ्यावा.

तपासणीने खरेच फरक पडतो का?

पडतो, पण तपासणी योग्य असेल तरच. याचे उत्तम उदाहरण दुसऱ्या एका जातीचे आहे. कॅव्हलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या छोट्या कुत्र्यांमध्ये हृदयाची झडप तरुणपणीच खराब होते. स्वीडनमध्ये पैदाशीच्या कुत्र्यांची छाती फक्त स्टेथोस्कोपने तपासण्याचा कार्यक्रम चालला. त्याचा परिणाम मोजला तेव्हा आजार कमी झालेला दिसला नाही. डेन्मार्कमध्ये स्टेथोस्कोप आणि इको दोन्ही बंधनकारक केले. तिथे २००२-०३ च्या तुलनेत २०१०-११ मध्ये मर्मरचा धोका ७३ टक्क्यांनी कमी झाला. शेजारचे दोन देश, एकच जात, एकच आजार. नॉर्वेत हा प्रश्न न्यायालयात गेला आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या जातीची पैदास प्राणी कल्याण कायद्याच्या विरोधात असल्याचे ठरवले.

आपल्याकडच्या इतर लोकप्रिय जातींबद्दल थोडक्यात. बॉक्सरमध्येही चुकीच्या ठोक्यांचा आनुवंशिक आजार असतो, म्हणून त्यालाही दरवर्षी होल्टर हवा. शिवाय महाधमनीच्या तोंडाशी अरुंदपणा असू शकतो. हाच अरुंदपणा गोल्डन रिट्रिव्हर आणि रॉटवायलरमध्ये दिसतो. तो जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात वाढतो, त्यामुळे पिल्लू असताना छाती स्वच्छ होती हे पुरेसे नाही. वर्ष पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासावे आणि मर्मर असल्यास इको करावा. लॅब्रेडॉरमध्ये उजव्या बाजूच्या झडपेचा जन्मजात दोष आढळतो. ग्रेट डेनला डोबरमनसारखाच डीसीएम होतो.

अहवाल वाईट आला तर?

मेटिंग कायमचे थांबवायचे. कुत्र्याचे आयुष्य मात्र तिथे थांबत नाही. लपलेल्या टप्प्यातील डोबरमनना पिमोबेंडन हे औषध देऊन केलेल्या अभ्यासात, हृदय निकामी होण्यापर्यंत किंवा अचानक मृत्यू येईपर्यंतचा मध्यम काळ ४४१ दिवसांवरून ७१८ दिवसांवर गेला. नऊ महिन्यांहून अधिक चांगले दिवस. ठोक्यांसाठी वेगळी औषधे असतात. आजारी कुत्रा झोपलेला असताना त्याचे श्वास मोजायची सवय लावा; मिनिटाला ३० पेक्षा जास्त येऊ लागले, तो चक्कर येऊन पडला किंवा रात्री खोकू लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

मादीमध्ये आजार सापडला तर "एकदा तरी पिल्ले होऊ द्या, तब्येतीला बरे असते" हे घरातल्या मोठ्यांचे म्हणणे ऐकू नका. पिल्ले झाल्याने मादीची तब्येत सुधारते याला वैद्यकीय आधार नाही. गाभण काळात हृदयावरचा भार वाढतो आणि आधीच कमजोर असलेले हृदय त्याच वेळी हार मानू शकते.

पिल्ले आधीच दिली असतील तर?

त्या कुटुंबाशी मी याच विषयावर सर्वांत जास्त वेळ बोललो. त्यांना लाज वाटत होती. लोक पैसे परत मागतील, भांडतील, असेही वाटत होते. मी त्यांना एक यादी करायला सांगितली : पंधरा नावे, पंधरा फोन नंबर. प्रत्येकाला एवढेच सांगायचे, की पिल्लाचा बाप पाचव्या वर्षी हृदयाच्या आजाराने गेला, तुमच्या कुत्र्याला तीन वर्षांचा झाल्यावर दरवर्षी होल्टर आणि इको करून घ्या, आणि तोवर त्याचे मेटिंग करू नका. शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत सोबत पाठवायची. आपला कुत्रा असाच अचानक गेला तर तुम्हीही त्याला पुरण्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करा. मुंबईत परळला, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला ही महाविद्यालये आहेत. उन्हाळ्यात काही तासांतच शरीर खराब होऊ लागते. म्हणून बर्फ लावा आणि लवकर न्या. हृदयाचे तुकडे तपासून मिळालेला एक कागद त्याच्या सगळ्या भावंडांच्या आणि पिल्लांच्या उपयोगाचा असतो.

पंधरांपैकी अकरा जणांनी फोन उचलला. दोघांनी पुढच्याच महिन्यात होल्टर लावला. त्यातल्या एका तीन वर्षांच्या मादीचे मेटिंग ठरलेले होते, ते तिच्या मालकांनी अहवाल येईपर्यंत पुढे ढकलले.